आपण कशाला हसतो?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात माझ्या वाट्याला 'परीक्षेची तयारी' किंवा 'अभ्यासाच्या सवयी' असा विषय येतो. या वर्षी विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा मी 'हसणे' असे कळवले. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रेमाने सुचवले, "सर, पालक येणार आहेत, जरा गंभीर बोला." मी गंभीरच बोलणार आहे. मध्येच कोणाला हसू आले तर त्याने ते दाबून धरू नये, एवढीच विनंती.

या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गावर मोकळा तास आला. मुले कंटाळलेली होती, म्हणून मी त्यांना माझ्या अब्बांचा एक आवडता विनोद सांगितला. सोलापूरच्या पोस्टात एक गृहस्थ फोनच्या नळकांड्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने ओरडत असतात. पोस्टकार्ड घ्यायला आलेला एक खेडूत विचारतो, "हे साहेब एवढे का ओरडतायत?" कारकून म्हणतो, "मुंबईशी बोलतायत. ट्रंक कॉल आहे." खेडूत म्हणतो, "मग त्यासाठी फोन कशाला अडवला? एवढ्या आवाजात फोनशिवायही मुंबईला ऐकू जाईल की!"

हा विनोद अब्बांना आजवर एकदाही सरळ पुरा करता आलेला नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत येताच त्यांना हसू अनावर होते आणि रुमालाने डोळे पुसावे लागतात. माझ्या वर्गात मात्र पिन पडली असती तरी ऐकू आली असती. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली असावी. तिने विचारले, "सर, ट्रंक म्हणजे पेटी ना?"

मग मी समजावायला लागलो. पूर्वी दुसऱ्या गावाशी फोनवर बोलायचे तर नंबर नोंदवून वाट पाहावी लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत आणि जितकी घाई तितके जास्त पैसे. तीन-तीन मिनिटांचा हिशेब असे. पुढे थेट नंबर फिरवण्याची सोय आली. आपल्या देशात ती 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान प्रथम सुरू झाली आणि आपल्या गावागावांत पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. विनोद सांगायला एक मिनिट लागले होते, समजावण्यात पंधरा मिनिटे गेली. मुलांना सगळे समजले. हसले मात्र कोणी नाही.

घरी येऊन हा प्रकार अब्बांना सांगितला. ते म्हणाले, "त्यांना कसं हसू येईल? ते कुठे पोस्टात बसले होते?" आणि मग मला त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी पूर्वी कधीच सांगितली नव्हती. आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, अखेरच्या आजारात होते. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यांना कळवण्यासाठी अब्बा सकाळी पोस्टात जाऊन बसले. लाइन लागली दुपारी चारनंतर. मिळालेल्या तीन मिनिटांतली दोन मिनिटे "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच संपली. चुलते पोचले ते माती झाल्यावर.

तेव्हा माझ्या लक्षात आले की अब्बा त्या ओरडणाऱ्या गृहस्थाला हसत नाहीत. ते हसतात पोस्टाच्या बाकावर दिवसभर बसलेल्या स्वतःला. माणूस हसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी खुपत असते. खुपणे संपले की त्यावरचा विनोदही विझतो.

आणखी एक उदाहरण देतो. रेशनच्या तांदळाचा जुना विनोद येथील पन्नाशीपुढच्या मंडळींना ठाऊक असेल. पाहुणा जेवता जेवता दात सांभाळत विचारतो, "भातात खडे आहेत का हो?" यजमान म्हणतो, "नाही नाही, थोडा भातही आहे." (पाहा, मागच्या रांगेतले आजोबा हसले. पुढच्या रांगेतली मुले त्यांच्याकडे वळून पाहत आहेत.) 1972 च्या दुष्काळात या भागातल्या लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, खडी फोडण्याच्या कामावर सुकडी खाल्ली. त्या दिवसांतले विनोद धान्यावरचे, रॉकेलवरचे, रांगेवरचे होते. आजच्या मुलांना घरातला तांदूळ पिशवीतून येतो एवढेच माहीत आहे. त्याला ते हसणार कसे? त्यांना या विनोदावर हसू येत नाही, ही खरे तर आनंदाची बातमी समजली पाहिजे.

आता काळ एवढा वेगाने पळतो की विनोद म्हातारा होण्याआधीच मरतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी मोठ्या नोटा बंद झाल्या. आठवडाभरात मोबाईलवर किती विनोद आले, आठवते का? दोन हजारांच्या नोटेत म्हणे चिप बसवली आहे, या अफवेवर तर विनोदांचा पूर आला होता. 2023 मध्ये ती नोटही चलनातून काढून घेण्याची घोषणा झाली आणि विनोद कधीच विसरले गेले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, तेव्हाही तसेच. नवऱ्याने भांडी घासण्यावर विनोद, खाऊन खाऊन वजन वाढण्यावर विनोद, घरी बसून कंटाळा येण्यावर विनोद. मीही हसलो, पुढे पाठवले. पण त्याच दिवसांत हजारो मजूर डोक्यावर बोचके, काखेत लेकरू घेऊन शेकडो मैल चालत गावाकडे निघाले होते. त्यांचा विनोद माझ्या मोबाईलवर आला नाही. तेही आपसात काही बोलून हसले असतील. चालणारा माणूस हसल्याशिवाय एवढे चालू शकत नाही. पण ते आपल्यापर्यंत पोचले नाही. विनोद हा काळाचा आरसा आहे असे आम्ही शिक्षक निबंधात लिहायला लावतो. आरसा ज्याच्या हातात असतो त्याचेच तोंड त्यात दिसते, हे मात्र लिहायला लावत नाही.

विद्वानांनी हसण्याची मीमांसा पुष्कळ केली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. या हिशेबाने आमच्या शाळेचे स्टाफरूम मधल्या सुट्टीत कोठे बसते, ते मी सांगत नाही. इंग्लंडच्या हॉब्जने सतराव्या शतकात म्हटले की दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ आहोत असे एकाएकी वाटले की माणूस हसतो. फ्रान्सच्या बर्गसाँने 1900 साली हास्यावर पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे असे की हसण्यासाठी काळजाला थोडा वेळ बधिर व्हावे लागते. केळीच्या सालीवरून कोणी घसरला की आपण हसतो. घसरणारी आपली आई असेल तर धावतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे मला तिची गरज लागणार आहे.

आता तालिमेशी संबंधित एक मासला पाहू, कारण आपली संस्था तालिमेसाठी आहे. 1877 साली लखनौहून मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 'अवध पंच' नावाचे विनोदी साप्ताहिक काढले. लंडनच्या 'पंच'वरून हे नाव घेतले होते. त्याच काळात सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला इंग्रजी शिक्षणाचे कॉलेज उभे केले. 'अवध पंच'ने त्यांची मनसोक्त टिंगल केली. या टिंगलीत सर्वांत धारदार लेखणी होती अकबर इलाहाबादी यांची. कोट-पाटलोण, टेबलावरचे जेवण, कॉलेजात शिकलेला मुलगा, पडद्याबाहेर आलेली शिकलेली मुलगी, या सर्वांवर त्यांनी असे शेर लिहिले की घराघरात लोक पोट धरून हसले. आणि स्वतः अकबरसाहेब काय करत होते? इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात न्यायाधीश होते. सरकारने दिलेला खान बहादूर किताब त्यांच्या नावापुढे होता. आणि आपला मुलगा इशरत हुसेन याला त्यांनी शिकायला विलायतेस धाडले होते!

हे मी त्यांचा उपमर्द करण्यासाठी सांगत नाही. ते फार मोठे शायर होते, आणि साहेबाच्या राज्यात आपली ओळख पुसली जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. सांगायचे ते हे की त्यांचे हसू घाबरलेल्या माणसाचे होते. एक पाय जुन्या ओसरीवर, एक पाय नव्या आगगाडीत, अशा माणसाला स्वतःचीच जी गंमत वाटते, ती त्यांनी लिहिली. 1921 साली ते वारले. आज या सभागृहात डावीकडे ज्या मुली बसल्या आहेत त्यांतल्या चौघी-पाचजणी पुढच्या वर्षी सायन्सला जातील. शिकलेल्या मुलीवरचा तो विनोद त्यांना वाचून दाखवला तर त्या हसतील, पण बहुधा शायरालाच हसतील.

याच सुमारास आपल्या मराठीत उलटे वारे वाहत होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' हे पुस्तक 1910 साली निघाले. त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट जुन्या चालीरीतींचे समर्थन करू पाहते आणि त्या समर्थनातच त्या रीतींची त्रेधा उडते. म्हणजे लखनौकडचा विनोद नव्याला हसत होता आणि मराठीतला हा विनोद जुन्याला. काळ एक, विनोद दोन. एखाद्या समाजाला कशाची धास्ती आहे ते पाहायचे तर त्याचे गंभीर ठराव वाचण्यापेक्षा तो कशावर हसतो ते पाहिलेले बरे.

कधी उलटही घडते. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' 1958 ची. तसल्या चाळी आता झपाट्याने जात आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांनी चाळ पाहिलेली नाही. पण त्यातला 'उपास' मी वाचून दाखवला की मुले लोळायची बाकी राहतात. कारण वजन कमी करण्याचे खूळ तेव्हा पंतांच्या एकट्याच्या घरी होते, आता ते प्रत्येकाच्या घरी आहे. हा विनोद काळाच्या पुढे जाऊन बसला होता असे म्हणा ना.

आणि काही विनोद तर मरतच नाहीत. मुल्ला नसरुद्दीनची कोटाची गोष्ट घ्या. तुर्कस्तानातील अक्शेहिर गावी मुल्लाची कबर दाखवतात. त्या मुल्लाला दावतीचे आमंत्रण होते. तो मळक्या कपड्यात गेला, तर त्याला कोणी विचारले नाही. घरी जाऊन भरजरी कोट घालून आला, तर यजमानाने हात धरून मधोमध बसवले. मुल्ला कोटाची बाही पुलावात बुडवून म्हणू लागला, "खा बाबा कोटा, खा. दावत तुझ्यासाठी आहे." कित्येक शतके लोक या गोष्टीला हसत आले आहेत. गेल्या महिन्यात मी एका लग्नाला गेलो होतो. मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना आत वातानुकूलित हॉलमध्ये नेत होते आणि सायकलवरून आलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या शिंपीचाचांना मंडपाच्या दारातली खुर्ची दाखवली होती. नवरदेवाची शेरवानी त्यांनीच शिवलेली होती. मुल्लाला आणखी पुष्कळ वर्षे मरण नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी उभा राहिलो, तिच्याकडे येतो. ती भाषेची आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दखनी बोलली जाते. शाळेत मराठी, घरात दखनी, आणि या सोलापुरात शेजारी कानडी व तेलुगू. दखनी कानावर पडली की लोकांना हसू येते. हिंदी चित्रपटांनी त्याचा चांगला उपयोग केला. 1965 च्या 'गुमनाम'मध्ये मेहमूद हैदराबादी बोली बोलतो आणि प्रेक्षक खदखदून हसतात. मेहमूद मोठाच नट होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ती बोली नायकाच्या तोंडी नव्हती. ती घरकाम करणाऱ्या खानसाम्याच्या तोंडी होती. नायकाने प्रेम करावे, नोकराने दखनी बोलावी, अशी जणू वाटणीच झाली होती.

पण आपल्या शेजारी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, सुलेमान खतीब नावाचे शायर होऊन गेले. 1978 मध्ये ते वारले. त्यांच्या संग्रहाचे नाव 'केवडे का बन'. ते दखनीतच लिहीत. सासू-सुनेचे भांडण, मुलाच्या बापाच्या हुंड्याच्या मागण्या, गरिबाच्या घरचा संसार, हे त्यांचे विषय. मुशायऱ्यात लोक आधी हसत, हसत राहत, आणि कविता संपेपर्यंत कित्येकांचे डोळे भरलेले असत. बोली तीच, पण इथे तिला हसायचे नव्हते. हसणे आणि रडणे दोन्ही तिच्यातच करायचे होते. बर्गसाँ म्हणतो ती काळजाची बधिरता खतीबसाहेब फार वेळ टिकू देत नसत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. गणितात तेज, अक्षर सुंदर. एकदा मी त्याला म्हटले, "फळ्यावर येऊन लिहितोस का?" तो घाईत बोलून गेला, "नक्को सर." वर्ग हसला. आणि मीही हसलो.

मुले हसली त्याचे काही नाही, मुले कशालाही हसतात. पण मी का हसलो? त्याचे उत्तर मला ठाऊक होते. बी.एड.च्या वर्षी माझ्या सरावपाठाच्या वेळी मी मराठीचा तास घेताना एक 'कायकू' तोंडातून निसटला होता. मागे बसलेले परीक्षक आणि माझे सहाध्यायी बराच वेळ हसत होते. त्यानंतर मी आरशासमोर उभा राहून मराठी घासून-पुसून घेतली. आठवीतल्या त्या मुलाला मी हसलो तेव्हा मला आपण त्याच्यापेक्षा वरचढ झालो आहोत असे वाटले होते. हॉब्जने सांगितले ते तंतोतंत. शिवाय हसण्यात वर्गाबरोबर राहिलो म्हणजे वर्ग आपल्याला हसणार नाही, हाही हिशेब त्यात होताच.

आणि हसलो ते मराठीचा शिक्षक असून! दखनीतला 'नक्को' आला कोठून? आपल्या मराठीच्या 'नको'तून. दखनीत जोर देण्यासाठी 'येइच', 'वहीच' असे म्हणतात तो 'च' कोणाचा? मराठीचाच. कित्येक शतके शेजारी राहिल्यावर घरातली भांडी इकडची तिकडे जातात, तसे शब्द गेले. म्हणजे त्या मुलाने मराठी शब्दच उच्चारला होता. थोडा जास्त जोर देऊन, एवढेच.

त्या दिवसानंतर तो मुलगा वर्गात बोलेनासा झाला. प्रश्न विचारला तर उभा राहून खाली पाहायचा. सहामाहीनंतर पालकसभेला त्याची आई आली. मी म्हटले, "मुलगा हुशार आहे, पण अबोल आहे." त्या माउलीने डोळे मोठे केले. "अबोल? सर, घर में तो तुमारीच नक्कल करतै! हस हस को पेट दुखतै हमारा."

मी काय बोलणार! त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्याला स्टाफरूमबाहेर गाठले, झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली आणि म्हटले, "ती नक्कल मला करून दाखव." तो म्हणाला, "नको सर." एका 'क'चा 'नको' होता तो, अगदी शुद्ध. मला तो फार लागला.

मी दोन-तीन महिने त्याचा पिच्छा पुरवला. स्नेहसंमेलनात अखेर तो मंचावर आला. कपाळावर चष्मा चढवून चष्मा शोधणारे सर, खिशात खडू असताना वर्गभर खडू मागणारे सर, हे सगळे त्याने केले. आणि मग त्याने केले रागावलेले सर. शुद्ध मराठीत रागावायला सुरुवात करतात, दोन वाक्ये पुस्तकी होतात, आणि तिसऱ्या वाक्याला पारा चढला की, "कायकू रे? कायकू हसते तुम लोगां?"

सभागृह कोसळले. मला स्वतःला ठाऊक नव्हते हो! इतकी वर्षे आरशासमोर घासलेली मराठी, आणि राग आला की मी दखनीत उतरतो, हे सगळ्या शाळेला माहीत होते. शेजारी मुख्याध्यापक हसत होते, शिपाईमामा हसत होते, त्याची आई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, तरी हसलो.

तो मुलगा आता अकरावीला आहे. आज मागे उभा आहे, मी पाहिले. दहावी होईपर्यंत वर्गात तो इतका बोलू लागला होता की आठवड्यातून एकदा तरी त्याला बाहेर उभे करावे लागे. बाहेर उभा राहून तो कशाला हसत असे, ते मी कधी विचारले नाही.

अध्यक्ष महाशयांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे, तेव्हा थांबतो.